काकवीच्या परातीतला सूर्य: सेकंड मेटच्या तोंडी परीक्षेची माझी तयारी

डेक कॅडेट, म्हणजे जहाजावरची शिकाऊ अधिकारी, म्हणून दोन बल्क कॅरियर जहाजांवर मिळून १८ महिन्यांची समुद्रसेवा मी पूर्ण केली होती, सेकंड मेटचा अभ्यासवर्ग झाला होता आणि लेखी पेपरही पहिल्याच प्रयत्नात सुटले होते. त्यामुळे डिसेंबरात तोंडी परीक्षेसाठी मुंबईला गेले तेव्हा मनात धाकधूक असली तरी शंका नव्हती. अर्ध्या तासाच्या आत मी नापास होऊन बाहेर आले. नौवहन महासंचालनालयाचे हे सेकंड मेटचे सक्षमता प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय परदेशगामी जहाजावर थर्ड ऑफिसर म्हणून स्वतंत्र वॉच, म्हणजे जहाज चालवण्याची पाळी, सांभाळता येत नाही, म्हणून या परीक्षेला, म्हणजे आमच्या भाषेत ओरल्सना, कॅडेटच्या आयुष्यात फार वजन असते. दुसऱ्या खेपेची तयारी मी समुद्रावर नव्हे, मुंबईतल्या वसतिगृहातही नव्हे, तर कोल्हापुरात घरी बसून केली. ती कशी केली ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटते, कारण घाटावरच्या गावांतून या क्षेत्रात जाणाऱ्या मुलामुलींना ते उपयोगी पडेल.

आधी काय चुकले ते सांगते. परीक्षकांनी विचारले, "दाट धुके आहे, समोरचे जहाज डोळ्यांना दिसत नाही, रडारवर उजव्या बाजूला ४० अंशांवर सहा मैलांवर एक लक्ष्य आहे आणि त्याचे बेअरिंग बदलत नाही. काय कराल?" (बेअरिंग म्हणजे आपल्या जहाजावरून ते लक्ष्य ज्या दिशेला आहे ती दिशा.) मी उत्तर दिले की मी गिव्ह-वे, म्हणजे वाट द्यायची जबाबदारी असलेले, जहाज आहे, म्हणून उजवीकडे वळून त्याच्या मागून जाईन. ते काहीच बोलले नाहीत. फक्त तेच लक्ष्य त्यांनी डाव्या बाजूला नेऊन ठेवले. मी म्हणाले, "आता मी स्टँड-ऑन, म्हणून माझा मार्ग आणि वेग कायम ठेवीन." या एका वाक्याने परीक्षा संपली होती, हे मला खोलीबाहेर आल्यावर समजले. गिव्ह-वे आणि स्टँड-ऑन हे शब्द फक्त एकमेकांना डोळ्यांनी दिसणाऱ्या जहाजांसाठी आहेत. धुक्यात टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला एकोणिसावा नियम लागू होतो आणि त्या नियमात कोणालाच हक्क नाही. दोघांनीही वेळेवर टाळायचे असते. त्यानंतर त्यांनी मला शेवटच्या जहाजावरच्या जायरो कंपासची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या होकायंत्राची, चूक विचारली. मी आकडा सांगितला. "तुम्ही स्वतः काढला होता का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तो आकडा सेकंड ऑफिसरने कंपासच्या नोंदवहीत लिहिलेला होता आणि मी तो रोज वाचत होते.

माझे दोन्ही दोष एकाच मुळाचे होते, हे उमगायला मला घरी येऊन काही दिवस जावे लागले. नियम मला पाठ होते, पण कोणता नियम कोणत्या स्थितीत जागा होतो हे मी कधी तपासले नव्हते; उपकरणे मला वाचता येत होती, पण ती किती खोटे सांगतात हे मी कधी मोजले नव्हते.

आमचे घर शिवाजी उद्यमनगराजवळ आहे. अण्णांचे छोटे टर्निंगचे वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन. शेजारी पॅटर्न बनवणारे सुतार आहेत. ताराबाई पार्कात एक निवृत्त कॅप्टन राहतात. त्यांना मी सर म्हणते. त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "पुस्तक महिनाभर बंद ठेव. आधी बोटी कर, मग सेक्स्टंट घेऊन जा." सेक्स्टंट म्हणजे सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजणारे उपकरण.

बोटी म्हणजे खरोखरच्या लाकडी बोटी. पॅटर्नवाल्यांकडून सागवानाचे तुकडे आणून वीतभर लांबीच्या सहा बोटी घासून काढल्या आणि आईच्या टिकल्यांच्या पाकिटातल्या लाल, हिरव्या आणि पांढऱ्या टिकल्या त्यांच्यावर दिव्यांच्या जागी चिकटवल्या. मग कोनमापकाने प्रत्येक दिव्याची कक्षा जमिनीवर खडूने आखली: डोलकाठीवरचा पांढरा दिवा समोरून २२५ अंशांत दिसतो, बाजूचे लाल आणि हिरवे दिवे प्रत्येकी ११२.५ अंशांत आणि पिछाडीचा पांढरा १३५ अंशांत. हे आकडे मी पूर्वी शंभरदा म्हटले असतील. पण ओसरीवर गुडघे टेकून, एक डोळा मिटून, बोट हळूहळू फिरवताना हिरवा दिवा मावळून पिछाडीचा पांढरा कोणत्या क्षणी उगवतो ते पाहिले तेव्हा तेराव्या नियमातले साडेबावीस अंश मला प्रथमच कळले. काटकोनाच्या मागे साडेबावीस अंशांहून अधिक कोनातून येणारे जहाज म्हणजे ज्याला रात्री आपला फक्त पिछाडीचा दिवा दिसतो ते. ते ओव्हरटेक करणारे आहे, आणि पुढे बेअरिंग कितीही बदलले तरी ते पूर्ण पुढे निघून जाईपर्यंत टाळण्याची जबाबदारी त्याच्याचकडे राहते. शंका असली तर आपणच ओव्हरटेक करतो आहोत असे धरून चालायचे. नियम करणाऱ्यांनी कोन आणि दिवा यांची अशी सांगड घातली आहे की एक समजला की दुसरा पाठ करावाच लागत नाही. १९७२ च्या या नियमावलीबद्दल माझ्या मनात आदर त्या ओसरीवर निर्माण झाला.

बेअरिंग न बदलणे म्हणजे टक्कर, हे सूत्र मला रस्त्यावर दिसले. जानेवारीत ऊसतोड जोरात असते. अण्णांच्या मागे स्कूटरवर बसून मामाच्या गावी जात असताना उजवीकडून दुसऱ्या रस्त्याने उसाने भरलेला ट्रॅक्टर येत होता. दोन्ही रस्ते पुढे एका फाट्यावर मिळतात. मधे मोकळे रान होते. मी पाहत राहिले, तर तो ट्रॅक्टर अण्णांच्या उजव्या खांद्यापाशी जणू चिकटून बसला होता: पुढे सरकत नव्हता, मागे पडत नव्हता, फक्त मोठा होत होता. अण्णांनी वेग कमी केला आणि तत्क्षणी तो खांद्यावरून पुढे सरकू लागला. सातवा नियम हेच सांगतो, आणि त्याचबरोबर एक सावधगिरीही सांगतो की फार मोठे जहाज, टो (ओढून नेली जाणारी जहाजे) किंवा फार जवळचे जहाज असेल तर बेअरिंग बदलत असूनही धोका असू शकतो. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या होत्या. इंजिन पुढे निघून गेले तरी शेवटची ट्रॉली फाट्यावर होतीच.

एकोणिसाव्या नियमासाठी मात्र बोटी उपयोगाच्या नव्हत्या. उलट त्या झाकाव्या लागल्या. मी बोटींवर टोपली पालथी घालायची आणि धाकट्या भावाने कागदावर फक्त ठिपके आणि दर सहा मिनिटांची अंतरे द्यायची, असा क्रम आम्ही रोज संध्याकाळी लावला. सहा मिनिटे यासाठी की तो तासाचा दहावा भाग असल्याने नॉटमधला (ताशी सागरी मैलांतला) वेग दहाने भागला की सरकलेले अंतर मिळते. हळूहळू हात वळला: समोरच्या अर्ध्या भागात लक्ष्य असेल आणि आपण त्याला ओव्हरटेक करत नसू तर शक्यतो डावीकडे वळायचे नाही, काटकोनात किंवा त्याच्या मागे असेल तर त्याच्या दिशेने वळायचे नाही, पुढून धुक्याचा भोंगा ऐकू आला आणि टक्करीचा धोका नाही याची खात्री नसेल तर सुकाणू लागू राहील एवढ्याच किमान वेगावर यायचे, गरज पडल्यास जहाज पूर्ण थांबवायचे. डाव्या बाजूच्या त्या लक्ष्याचे बरोबर उत्तर मला महिन्याभराने, घरच्या चटईवर, स्वतःहून सुचले: वेळ असतानाच उजवीकडे भरपूर, समोरच्या रडारवर ठळक दिसेल इतके वळायचे किंवा वेग उतरवायचा, आणि अंतर सुरक्षित वाढते आहे का ते पाहत राहायचे.

सेक्स्टंट घेऊन आले त्या रात्री अण्णांनी तो कापड पसरून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ नुसता पाहिला. मायक्रोमीटर ड्रम फिरवून पाहिल्यावर ते म्हणाले, "ह्यात बॅकलॅश, म्हंजे आट्यांत ढिलाई, आसणार बघ. स्क्रू एकाच अंगानं आणायचा. पुढं गेलास तर मागं येऊन तिथंच थांबू नकोस. लांब मागं जा आणि पुन्हा त्याच अंगानं ये." लेथवर तीस वर्षे काढलेल्या माणसाला जे हाताने ठाऊक होते ते मी जहाजावर कधीच पाळले नव्हते. माझ्या साइट, म्हणजे सेक्स्टंटने घेतलेली मापे, एकमेकींशी न जुळण्याचे एक कारण त्या टेबलावर सापडले.

नंतर इंडेक्स एरर, म्हणजे जिथे शून्य दिसायला हवे तिथे सेक्स्टंट दाखवतो ती चूक. सूर्याने ती काढण्याची पद्धत मला विशेष आवडते, कारण तिच्यातच तिची परीक्षा आहे. गडद काचा लावून सूर्याची दोन बिंबे एकदा एका बाजूने आणि एकदा दुसऱ्या बाजूने कडेला कड टेकवायची. माझी वाचने आली ऑन द आर्क (शून्याच्या पुढे) ३३.८ मिनिटे आणि ऑफ द आर्क (शून्याच्या मागे) ३१.० मिनिटे; येथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. त्यांच्या फरकाचा अर्धा १.४ मिनिटे, ही चूक, आणि ती ऑन द आर्क असल्याने प्रत्येक वाचनातून वजा करायची. आता दोन्हींची बेरीज ६४.८, तिला चाराने भागले की १६.२ मिनिटे, म्हणजे त्या दिवसांतली सूर्याची अर्धव्यास किंमत, अल्मनॅकमध्ये, म्हणजे नाविक पंचांगात, दिलेलीच. ही जुळली नसती तर माझे मोजमापच चुकीचे ठरले असते.

पण कोल्हापुरात समुद्राचे क्षितिज कुठून आणायचे? रंकाळ्याचा पलीकडचा काठ झाडा-इमारतींचा आहे, तो क्षितिज म्हणून चालत नाही. उपाय जुना आहे: कृत्रिम क्षितिज. स्थिर द्रवाचा पृष्ठभाग अगदी समतल असतो, त्यात सूर्याचे प्रतिबिंब सूर्य जितका वर तितकेच खाली दिसते. दोघांमधला कोन मोजला की तो उंचीच्या दुप्पट भरतो. गच्चीवर परातीत पाणी ठेवले तर वाऱ्याने थरथरू लागले. तेल बरे होते. शेवटी आईने सुचवले, "काकवी घालून बघ की." गुऱ्हाळातून आणलेली दाट, काळसर काकवी वाऱ्याला दाद देत नव्हती आणि तिच्यात सूर्य स्वच्छ, कडा धारदार असा उतरला. थेट आणि प्रतिबिंबित अशा दोन्ही बिंबांसाठी गडद काचा लावाव्याच लागतात, हे आवर्जून सांगते. यात हयगय केली तर डोळ्यांना कायमची इजा होते.

ही पद्धत कोल्हापुरात वर्षभर चालत नाही. सेक्स्टंटची कमान ६० अंशांची असून आरशांमुळे तिच्यावर साधारण १२० अंशांपर्यंत कोन मोजता येतो. मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत येथे सूर्य भर माध्यान्ही डोक्यावर येतो, तेव्हा दुप्पट कोन १८० अंशांच्या घरात जातो. फेब्रुवारीच्या आरंभी मात्र तो सुमारे ११२ अंश भरतो, म्हणजे मापात बसतो. वेळही हिशेबाने काढली: कोल्हापूरचे रेखांश ७४ अंश १४ मिनिटे आणि भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटांची, म्हणून ३३ मिनिटांचा उशीर, त्यात त्या दिवसांतला वेलांतराचा (घड्याळ आणि खरा सूर्य यांतल्या फरकाचा) सुमारे साडेतेरा मिनिटांचा उशीर मिळवला की सूर्य १२ वाजून ४७ मिनिटांच्या सुमारास मध्यावर येतो. १ फेब्रुवारीला मी साडेबारापासूनच गच्चीवर होते. कोन वाढत वाढत थबकला आणि उतरू लागला. वाचनातून १.४ मिनिटे वजा केली, मग अर्धे केले. क्रम महत्त्वाचा आहे, चूक आधी वजा आणि भागाकार नंतर. गणित केले तर माझा अक्षांश आला १६ अंश ५० मिनिटे.

हा पेठ वडगावचा अक्षांश आहे. कोल्हापूर १६ अंश ४२ मिनिटांवर आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. म्हणजे मी स्वतःला जवळजवळ पंधरा किलोमीटर उत्तरेला नेऊन ठेवले होते. संपूर्ण दुपार आकडेमोड तपासण्यात गेली आणि सापडले ते असे: जहाजावरच्या सवयीने मी डिप वजा केले होते. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या उंच कक्षात, डोळ्याची उंची २० मीटर असेल तर क्षितिज ७.९ मिनिटे खाली दिसते (१.७६ गुणिले उंचीचे वर्गमूळ), आणि ते वजा करावे लागते. परातीतल्या क्षितिजाला डिप नसते. माझ्या तक्त्यात तो रकाना आधीच भरलेला होता आणि मी विचार न करता तो वजा करत गेले. तो खोडला आणि उत्तर १६ अंश ४२ मिनिटांवर येऊन बसले. धुक्यात स्टँड-ऑन म्हणणे आणि काकवीला डिप लावणे ही एकच चूक होती: एका स्थितीची सवय दुसऱ्या स्थितीत नेणे. परीक्षेत नापास झाल्याचे कारण मला इतके स्पष्ट दुसऱ्या कोणी दाखवले नव्हते.

त्याच संध्याकाळी अंबाबाईच्या देवळात गेले. किरणोत्सवाचे दिवस होते. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला, तसेच ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. लहानपणापासून आईचा हात धरून मी हे पाहत आले आहे, पण या तारखा अशाच का, हा विचार प्रथमच मनात आला. १० नोव्हेंबर हा दक्षिणायनाच्या टोकाच्या सुमारे ४१ दिवस आधीचा आणि १ फेब्रुवारी तितकाच नंतरचा; दोन्ही दिवशी सूर्याची क्रांती, म्हणजे डेक्लिनेशन (विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर), दक्षिणेला सुमारे १७ अंश असते, म्हणून तो क्षितिजावर एकाच जागी मावळतो. ही जागा आम्ही समुद्रावर अॅम्प्लिट्यूडने, म्हणजे ठीक पूर्व किंवा पश्चिमेपासूनच्या कोनाने, काढतो: त्या कोनाची ज्या म्हणजे क्रांतीची ज्या भागिले अक्षांशाची कोज्या. कोल्हापूरसाठी हा कोन येतो पश्चिमेपासून दक्षिणेला जवळजवळ १८ अंश, म्हणजे २५२ अंशांचे खरे बेअरिंग. त्या सुमारास क्रांती रोज १७ मिनिटांच्या आसपास बदलते, त्यामुळे मावळतीची जागाही रोज तेवढीच सरकते आणि हा सोहळा मोजक्या दिवसांचाच राहतो. ज्यांनी हे देऊळ बांधले त्यांनी मावळतीचे निरीक्षण वर्षानुवर्षे केले असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. गर्दीत हात जोडून उभी असताना परीक्षकांचा तो दुसरा प्रश्न आठवला. समुद्रावर सूर्याची खालची कड क्षितिजाच्या साधारण अर्ध्या व्यासाइतकी वर असताना जायरोवर बेअरिंग घ्यायचे आणि गणिताने आलेल्या आकड्याशी ताडून पाहायचे. फरक ती जायरोची चूक. पाच मिनिटांचे काम आहे. १८ महिन्यांत मी ते एकदाही स्वतः केले नव्हते.

पुढे एका रविवारी आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेले आणि भाट्याच्या किनाऱ्यावर खऱ्या क्षितिजावर दुपारनंतरच्या सूर्याच्या साइट घेतल्या. तेथे डिप होते, पण ब्रिजवरचे नव्हे. दोन मीटर उंचीला अडीच मिनिटे. तक्त्यात तो रकाना या वेळी मी रिकामा ठेवून नेला होता.

सीमनशिपची उजळणी तुलनेने सोपी गेली. नांगराच्या साखळीचा एक शॅकल २७.५ मीटरचा, म्हणजे १५ फॅदमचा असतो, आणि फॅदम म्हणजे आपला वाव. आजोबा विहिरीचा दोर अजून वावानेच मोजतात. माणूस पाण्यात पडल्यावर जहाज आल्या मार्गावर परत फिरवण्याच्या विल्यमसन टर्नसाठी आधी माणूस पडला त्या बाजूला पूर्ण सुकाणू, मार्गापासून ६० अंश वळल्यावर विरुद्ध बाजूला पूर्ण सुकाणू, आणि उलट दिशा यायला २० अंश उरले की सुकाणू मध्यावर, हे भावाच्या सायकलवर मैदानात फिरून पाहिले. मोर्स आणि ध्वजसंकेत रोज अर्धा तास, त्यात सांगण्यासारखे काही नाही.

दुसरी परीक्षा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. परीक्षक वेगळे होते. धुक्याचा प्रश्न आलाच, आणि उत्तर देण्याआधी मी विचारले, "सर, जहाज डोळ्यांना दिसते आहे की फक्त रडारवर?" त्यांनी मान हलवली आणि पुढे जायला सांगितले. नांगर टाकण्याची पूर्ण तयारी विचारली, रात्री एकावर एक हिरवा आणि पांढरा दिवा दिसला तर काय समजाल हे विचारले (ट्रॉलर, म्हणजे जाळे ओढणारे मासेमारी जहाज), आणि मग कंपासची चूक. मी अॅम्प्लिट्यूडची पद्धत सांगितल्यावर त्यांनी विचारले, "आज अॅम्प्लिट्यूड किती येईल?" विषुवदिन तोंडावर होता. क्रांती जवळजवळ शून्य, म्हणून अक्षांश कोणताही असो, सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेला, २७० अंशांवर मावळेल, असे मी सांगितले. "अक्षांश कोणताही असो, हे कशावरून?" त्यांनी पुन्हा विचारले. शून्याला कशानेही भागले तरी शून्यच येते, फक्त ध्रुवांवर हे सूत्र लागू पडत नाही, कारण तेथे भाजकच शून्य होतो. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि पुढचा प्रश्न घेतला. सव्वा तासाने उत्तीर्ण झाल्याचे समजले.

जहाजावर जाण्याच्या आदल्या दिवशी सेक्स्टंट परत करायला सरांकडे गेले. पेटीच्या झाकणाच्या आत कारखान्याने दिलेला चुकांचा जुना दाखला चिकटवलेला आहे. त्याखाली मी एक चिठ्ठी लावली होती: १.४ मिनिटे, ऑन द आर्क, आणि तारीख. सरांनी ती चष्मा लावून वाचली, मग पेटीतून सेक्स्टंट अलगद उचलला आणि गच्चीच्या जिन्याकडे वळत म्हणाले, "ही तुझी फेब्रुवारीतली चूक झाली. रत्नागिरीला एसटीने नेला होतास ना? चल, आजची काय आहे ते बघू."